टाइलिंगचा चार आठवड्यांचा कोर्स: आठ महिन्यांनंतर

कोर्स संपला त्याच संध्याकाळी मी पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. समोर आपल्या हाताने लावलेली भिंत, सांधे एका रेषेत, सांध्यांत भरलेला ग्राउट पुसून चकचकीत. अशा वेळी कोण हात आखडता घेणार? आता आठ महिने स्वतःच्या जबाबदारीवर कामं घेतल्यावर तोच अभिप्राय साडेतीनवर आणतोय. कोर्स वाईट नाही. पण तिथल्या भिंती आणि जमीन कोणीतरी आमच्यासाठी आधीच सरळ करून ठेवलेली होती, आणि तो माणूस साइटवर कधीच येऊन गेलेला नसतो.

सरावाला प्रत्येकाला तीन भिंतींचा एक कप्पा मिळतो. लावायचं, खरवडून काढायचं, परत लावायचं. कोपरे गुण्यात म्हणजे काटकोनात, भिंती ओळंब्यात म्हणजे सरळ उभ्या, जमीन लेव्हलला. माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एक छोटं बाथरूम. ओळंबा सोडला तर भिंत वरून खालपर्यंत 15 मिलिमीटर पोटात गेलेली. समोरासमोरच्या भिंती इतक्या तिरक्या, की एका टोकाला पूर्ण टाइल बसत होती आणि दुसऱ्या टोकाला बोटभर पट्टी. टाइल चिकटवायचा मसाला कालवण्याआधी टाइल नुसत्या ठेवून कोरडी मांडणी करून बघितली म्हणून वाचलो. ती सवय मात्र कोर्सचीच.

चांगलं आहे ते आधी नीट सांगतो. शिकवणारे सर आयुष्यभर साइटवर राबलेले होते आणि त्यांचा एक छळवादी नियम होता: लावलेली प्रत्येक तिसरी टाइल लगेच उचलून दाखवायची. मागे मसाला कुठे लागला, कुठे कोरडं राहिलं, ते सगळ्यांसमोर बघायचं. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून टाइल दाबणाऱ्याला ते पुढे बोलावून टाइल ठोकायला लावायचे, म्हणजे पोकळ आवाज सगळ्यांना ऐकू जाई. अमेरिकी मानकात कोरड्या जागी किमान 80 टक्के आणि ओल्या जागी 95 टक्के पाठ मसाल्याने भरलेली असावी असं सांगितलंय. ते आकडे मी वाचून विसरलो असतो, उचलून बघितल्यामुळे डोळ्यांत बसले. दातेरी थापी गोल न फिरवता एकाच दिशेने ओढायची, म्हणजे टाइल दाबल्यावर हवा बाहेर पडायला वाट राहते. मोठ्या टाइलच्या पाठीवरही मसाल्याचा पातळ हात मारायचा. हे हाताला लागलंय, आता सुटणार नाही.

मसाल्याच्या पिशवीवरची अक्षरं वाचायलाही तिथेच शिकलो. युरोपीय मानक ईएन 12004 प्रमाणे सी म्हणजे सिमेंटचा मसाला, 2 म्हणजे वाढीव पकड, टी म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल घसरत नाही, ई म्हणजे पसरल्यावर जास्त वेळ कामाचा राहतो, एस1 म्हणजे थोडी हालचाल सोसतो. दुकानदार 'हा चांगला आहे' म्हणाला की आता मी पिशवी उलटी करतो.

आता दीड तारा कुठे गेला ते.

चौथ्या महिन्यात स्वयंपाकघरातली एक भिंत केली. प्लास्टर जिप्समचं, हात फिरवला तर काचेसारखं. मला वाटलं, यापेक्षा चांगली भिंत मिळणार नाही. थेट सिमेंटचा मसाला लावला, टाइल उचलून तपासल्या, पाठ काठोकाठ भरलेली. तीन आठवड्यांनी फोन आला की भिंत वाजतेय. गेलो, एका टाइलच्या कडेला थापी घातली आणि टाइल मसाल्यासकट हातात आली. मसाल्याची मागची बाजू पांढरीफटक. मसाला टाइलला घट्ट होता. सुटला होता तो भिंतीपासून. सिमेंटमधले ॲल्युमिनेट आणि जिप्सममधलं सल्फेट ओलाव्यात एकत्र आले की मधल्या पातळीवर एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात आणि फुगून थर सोडवतात. आधी योग्य प्राइमर, म्हणजे मसाल्याआधी भिंतीला द्यायचा हात, मारून तो वाळू दिला असता तर हे टळलं असतं. सगळी भिंत उतरवली, परत केली. माल माझा, चार दिवस माझे. घरी येऊन कोर्सची वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'जिप्सम असेल तर प्राइमर'. एक ओळ! चार आठवड्यांत प्राइमरचा डबा कोणी उघडून दाखवला नव्हता, कारण सरावाच्या कप्प्यात जिप्समच नव्हतं.

तेव्हापासून पहिला तासभर मी टाइलला हात लावत नाही. भिंत खरवडतो, पाणी शिंपडून ती किती पिते ते बघतो, दोन मीटरची पट्टी आडवी-तिरकी फिरवतो, बाथरूम असेल तर उतार जाळीकडेच आहे ना ते तपासतो. जमिनीवर नवा सिमेंट-वाळूचा थर असेल तर तो कधी घातला ते विचारतो. मिलिमीटरला एक दिवस असा वाळण्याचा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे 40 मिलिमीटरला सव्वा महिना तरी. एकाला दहा दिवसांत काम हवं होतं. मी नाही म्हटलं आणि ते काम दुसऱ्याकडे गेलं. ग्राहकाला नाही कसं म्हणायचं, हा तास कोर्समध्ये असायला हवा होता.

दुसरी उणीव म्हणजे टाइलचे आकार. आम्ही सगळा सराव छोट्या सिरॅमिकवर केला, जी साध्या कटरवर रेघ मारून मोडते. लोक आणतात 600 बाय 1200 ची पोर्सेलीन. ती कडक असते, लांबीत थोडी कमानीसारखी असते, आणि विटेसारखी अर्ध्यावर जोड देऊन लावली की एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो. पायाला कड लागते. जोड एक तृतीयांशावर ठेवायचा, हे मी एका अनुभवी मिस्त्रीच्या हाताखाली पंधरा दिवस फुकट राबून शिकलो. खरं तर कोर्सनंतर लगेच स्वतःची कामं घेण्याऐवजी असे सहा महिने काढले असते तर बरं झालं असतं.

दर कसा सांगायचा याचं एक सत्र होतं. चौरस मीटरवर दर, सरळ मांडणीला 10 टक्के माल जास्त, तिरक्या मांडणीला 15. मालाचा हिशेब बरोबर निघतो, वेळेचा साफ चुकतो. वीस मीटरच्या मोकळ्या हॉलपेक्षा चार मीटरच्या बाथरूमने माझे जास्त दिवस खाल्लेत, कारण तिथे एक कोनाडा, सात पाइपांची भोकं आणि प्रत्येक ओळीत दोन काप. आता मी कापांची संख्या मोजून दर देतो, आणि जुनी टाइल काढणं, जमीन सारखी करणं, राडारोडा उचलणं, आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉन भरणं, हे दरात आहे की नाही ते लिहून देतो.

प्रमाणपत्राबद्दल लोक फार विचारतात. शेवटच्या दिवशी मिळतो तो हजेरीचा कागद, पात्रता नव्हे. जाहिरातीत हा फरक मुद्दाम पुसट ठेवला होता असं माझं मत आहे. पात्रतेसाठी प्रत्यक्ष साइटवरचं काम तपासणाऱ्यासमोर ठेवावं लागतं आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो लागतात: आधीची भिंत, प्राइमर, वॉटरप्रूफिंग, मग टाइल. मी ते सहाव्या महिन्यानंतर केलं. माझं प्रमाणपत्र बघायला आजवर एकाही ग्राहकाने मागितलेलं नाही. त्या फोटोंनी मात्र निदान चार कामं मिळवून दिली, विशेषतः टाइलखाली झाकलं गेलेलं वॉटरप्रूफिंग दाखवणाऱ्या फोटोंनी.

धुळीला कोर्सने जेमतेम अर्धा तास दिला, याचा राग अजून आहे. पोर्सेलीन कोरडी कापली की स्फटिक सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक ठरवलेली आहे. पाणी सोडून कापा, तरीही चांगला मास्क घाला. सरावाच्या हॉलमध्ये आम्ही दहा जण ग्राइंडर चालवत होतो आणि मास्क तिघांकडे होते.

फीमध्ये हत्यारांची पेटी येते. गुडघ्याचे पॅड दुसऱ्या आठवड्यात फाटले, कटरचं चाक पोर्सेलीनवर महिनाभरही टिकलं नाही, स्पिरिट लेव्हल उलटी धरली की वेगळं सांगते. दातेरी थापी उत्तम निघाली, अजून तीच वापरतोय.