अलास्कातली ‘सेमी-गायडेड’ शिकार: पैसे पाठवण्याआधी लायसन्स कुठलं आहे ते बघा

अलास्कात ‘सेमी-गायडेड’ (म्हणजे गाइडची अर्धीमुर्धी सोबत) नावाचं लायसन्सच नाही. जाहिरातीत हा शब्द दिसला की हात आखडता घ्या, कारण या शब्दाच्या आडून होणारी फसवणूक ठरलेल्या वाटेनेच जाते.

मूसच्या (हरणाच्या कुळातलं प्रचंड जनावर) शिकारीची चौकशी करणाऱ्याला दोन टोकांचे दर ऐकू येतात. रजिस्टर्ड गाइडबरोबर (शिकारीचा करार करायचं लायसन्स असलेला वाटाड्या) जायचं तर खर्च साधारण २०,००० डॉलरच्या पुढे. नुसतं विमानाने रानात सोडणं आणि परत आणणं याच्या कितीतरी कमी पैशांत होतं. भामटा नेमका या दोन्हींच्या मधला आकडा सांगतो आणि वर आश्वासनं देतो. तळ्याकाठी तंबू आधीच लावलेला असेल. स्टोव्ह, खाटा, दुर्बीण सगळं तिथे तयार. आमचा पोऱ्या पहिले दोन दिवस सोबत राहील, मूस कुठून उतरतो ते दाखवील, पडला की सोलायला हात लावील. अर्धी रक्कम आगाऊ, तीही वायर ट्रान्सफरने. कागद म्हणून एक पान येतं, त्यावर ‘हंट पॅकेज’ एवढंच.

तळ्यावर उतरल्यावर कळतं की त्याच काठावर आणखी दोन पार्ट्या आधीच उतरवल्या आहेत. पोऱ्या आलाच तर एक रात्र थांबून पुढच्या विमानाने निघून जातो. इतपत नुसते पैसे बुडाले म्हणायचं. खरा घोळ परतताना होतो. धावपट्टीवर वाइल्डलाइफ ट्रूपर (वन्यजीव कायदे राबवणारा राज्याचा पोलीस) विचारतो, तंबू कुणाचा होता? कातडं कुणी सोललं? जागा कुणी दाखवली? ग्राहक भाबडेपणाने खरी उत्तरं देतो. शिंगं पुरावा म्हणून ताब्यात जातात आणि ग्राहक साक्षीदार होतो. नशीब आणखी वाईट असेल तर आरोपी.

या माणसाकडे लायसन्स असतं का? बऱ्याचदा असतं, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. ते असतं ट्रान्सपोर्टरचं. अलास्काच्या कायद्यात (शीर्षक ८, प्रकरण ५४) ट्रान्सपोर्टरला दोन गोष्टींची मुभा आहे. शिकारी, त्याचं सामान आणि मारलेलं जनावर यांची ने-आण करणं ही एक. दुसरी म्हणजे राहण्याची सोय, पण तीही फक्त स्वतःच्या मालकीच्या पक्क्या लॉजमध्ये, घरात किंवा केबिनमध्ये, नाहीतर खाऱ्या पाण्यावरच्या, राहण्याची कायमची सोय असलेल्या बोटीत. कापडी तंबू यात कुठेच बसत नाही.

त्या मधल्या दरातली आश्वासनं आता कायद्याशी ताडून बघा. रानात आधीच ठेवलेलं तंबू-सामान पुरवणं ही कायद्याच्या भाषेत ‘बिग गेम हंटिंग सर्व्हिस’, म्हणजे मोठ्या जनावरांच्या शिकारीची सेवा. जनावराचा माग काढणं, पाठलाग करणं हीसुद्धा. ट्रॉफीचं कातडं उतरवणं, मांस काढणं, वाहणं, राखणं, सगळं त्यातच. मांस विमानात नीट आणि सुरक्षित चढवण्यापुरता हात लावण्याची सूट ट्रान्सपोर्टरला आहे, त्यापलीकडे नाही. शिकाऱ्यासाठी स्वतःची स्पॉटिंग स्कोप (लांबचं जनावर हेरायची दुर्बीण) किंवा रायफल वापरणंही याच व्याख्येत येतं, आणि रानात उभं राहून माल विकणं किंवा भाड्याने देणंही. सोबत कुणी न राहता नुसतं सामान आणि सोयी रानात पुरवल्या, तरी ते ‘आउटफिटिंग’ ठरतं. यातल्या कुठल्याही कामाचा करार फक्त रजिस्टर्ड गाइड-आउटफिटर करू शकतो.

त्यामुळे सगळा फरक पडतो तो सामान कुठे हाती आलं यावर. हाच तंबू तुम्ही फेअरबँक्सच्या दुकानातून भाड्याने घेतला आणि याच विमानात टाकून नेला, तर व्यवहार स्वच्छ आहे. तो तळ्याकाठी उभा करून ठेवलेला मिळाला, तर नाही.

गाइड आणि ट्रान्सपोर्टरनंतर तिसरा प्रकार एअर टॅक्सीचा, म्हणजे भाड्याच्या छोट्या विमानांचा, आणि इथे भले भले चकतात. एखादी विमान कंपनी शिकाऱ्यांना नेहमीच्याच चार्टर दराने नेत असेल आणि शिकारीची जाहिरात करत नसेल, तर तिला ट्रान्सपोर्टर लायसन्स लागत नाही. त्यातली एक जरी अट मोडली, शिकाऱ्यांसाठी जास्त दर लावला किंवा वेबसाइटवर ‘मूस हंट’ अशी जाहिरात केली, की लायसन्स हवंच. म्हणजे ‘आम्ही फक्त एअर टॅक्सी, आम्हाला ते लागू नाही’ असं सांगणाऱ्याच्या वेबसाइटवर शिंगांचे फोटो आणि हंगामाचे दर असतील, तर तो त्याच पानावर स्वतःला खोटं पाडतो आहे. भाडं घेऊन माणसं नेणाऱ्याकडे एफएएचं (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) पार्ट १३५ प्रमाणपत्र मात्र असायलाच हवं. ते नसताना विमान पडलं तर विम्याचं काय होईल, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा असतो.

गाइडच्या लायसन्सवरही फसवणूक होते, फक्त तिचा वेश वेगळा. असिस्टंट गाइड आणि क्लास-ए असिस्टंट गाइड यांना स्वतःच्या नावाने करार करता येत नाही. ते रजिस्टर्ड गाइडच्या हाताखाली काम करतात. असिस्टंट स्वतःच्या खात्यावर आगाऊ रक्कम मागत असेल तर गडबड आहे, मग तो जंगलातला कितीही मुरलेला असो. दुसरी तऱ्हा भाड्याने दिलेल्या नावाची. करारावर रजिस्टर्ड गाइडची सही असते, पण तो माणूस हंगामभर दिसत नाही. कायद्याने करार करणाऱ्या गाइडला शिकारीदरम्यान निदान एकदा ग्राहकाबरोबर रानात प्रत्यक्ष हजर राहावंच लागतं. ‘तुम्ही स्वतः कोणत्या तारखांना कॅम्पवर असाल?’ हा प्रश्न लेखी विचारा. नाव भाड्याने देणारा इथे आढेवेढे घेतो.

तिसरी तपासणी जागेची. गाइडला ठरावीक गेम मॅनेजमेंट युनिटसाठी, म्हणजे शिकारीच्या नियमांसाठी आखलेल्या विभागासाठी, प्रमाणपत्र मिळतं (राज्यात अशी २६ युनिटं आहेत), आणि तो एका वेळी जास्तीत जास्त तीन ‘गाइड यूज एरिया’मध्ये (गाइडच्या धंद्यासाठी आखलेले इलाखे) नोंदणी करू शकतो. ‘संपूर्ण अलास्कात कुठेही नेतो’ असं म्हणणारा एक तर बढाई मारतो, नाहीतर नियम मोडतो. जमिनीची मालकीही बघावी लागते. संघीय वन्यजीव आश्रयस्थानांत (नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युज) आणि नॅशनल प्रिझर्व्हमध्ये (संघीय संरक्षित क्षेत्र) धंदा करायला त्या-त्या खात्याचा वेगळा परवाना लागतो. राज्याच्या जमिनीवर एका गाइडला एकहाती इलाखा देण्याची पद्धत अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ओसिचेक खटल्यात रद्द ठरवली. त्यामुळे ‘ही दरी फक्त आमची’ असं राज्याच्या जमिनीबद्दल कुणी सांगत असेल तर ते आधी पडताळून बघा. मोठाले पट्टे नेटिव्ह कॉर्पोरेशनच्या (तिथल्या मूळ रहिवाशांच्या कंपन्या) खाजगी मालकीचे आहेत. तिथे उतरवून दिलं तर घुसखोर तुम्ही ठरता, विमान तर केव्हाच निघून गेलेलं असतं.

गाइड कुणाला सक्तीचा? अलास्काबाहेरच्या अमेरिकन नागरिकाला तपकिरी अस्वल (ग्रिझली त्यातच), डॉल शीप (पांढरी रानमेंढी) आणि माउंटन गोट (पहाडी बकरा) या तिघांसाठी. पर्याय एकच, दुसऱ्या श्रेणीपर्यंतचा, १९ वर्षं पूर्ण झालेला, अलास्काचा रहिवासी नातेवाईक सोबत असणं. यात आई-वडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा येतात. काका, मामा, चुलतभाऊ येत नाहीत. आपल्याकडे चुलतभावाला भाऊच म्हणतात, अलास्काच्या ट्रूपरला ते पटत नाही. पैसे घेऊन ‘नातेवाईक’ होऊन देणारेही भेटतात. तो सरळसरळ विनालायसन्स गाइड.

भारतीय पासपोर्टवर भारतातून जाणाऱ्याला नियम याहून कडक आहे. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला तिथल्या कुठल्याही बिग गेमसाठी, म्हणजे मूस, कॅरिबू (तिथलं रानटी रेनडिअर), काळं अस्वल यांच्यासाठीसुद्धा, लायसन्सधारी गाइड सोबत हवाच. त्याला ‘अनगायडेड मूस’ विकणारा गिऱ्हाईक आणि कायदा दोघांनाही टोपी घालतो आहे. एच-वन-बीसारख्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्याने आपण कोणत्या गटात बसतो ते अलास्काच्या फिश अँड गेम खात्याकडून लेखी विचारून घ्यावं. शिवाय संघीय कायद्याने अशा व्हिसावर बंदूक हाताळायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणून मित्राची रायफल हातात घेण्याआधी परवाना काढायचा, नंतर नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार जवळजवळ संपलेली असल्याने आपल्या माणसाला या परवान्यांची सवय नसते, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मांसाच्या हिशेबात सगळ्यात जास्त लुबाडणूक होते, तरी त्याबद्दल कुणी आधी विचारत नाही. मोठ्या मूसचं साधारण ५०० पाउंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस निघतं. हाडांसकट आणायचं तर वजन आणखी वाढतं, आणि काही युनिटांत ठरावीक तारखेपर्यंत मांस हाडावरच ठेवावं लागतं. पायपर सुपर कब या छोट्या विमानात पायलटमागे एकच सीट असते. एका मूससाठी अनेक खेपा आल्याच. पॅकेजमध्ये मात्र ‘एक फेरी जाणं, एक फेरी येणं’ एवढंच लिहिलेलं असतं. जनावर पडल्यावर सॅटेलाइट फोनवर सांगतात, मांसाची प्रत्येक खेप वेगळी, दर अमुक. आता नाही म्हणायची सोय नसते. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं हा अलास्कात गुन्हा आहे. मागच्या मांड्यासुद्धा टाकून दिल्याबद्दल दोषी ठरल्यास किमान सलग ७ दिवस कैद आणि किमान २,५०० डॉलर दंड. शिंगं आधी पाठवून मांस मागून आणू म्हटलं तर तेही चालत नाही, शिंगं मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच हलवता येतात. शिकारी असा दोन्हीकडून अडकतो आणि सांगतील तो दर मोजतो. म्हणून करारात विमानाचा प्रकार, एका खेपेचं कमाल वजन आणि प्रत्येक जास्तीच्या खेपेचा दर आकड्यात लिहून घ्या. हवामानामुळे विमान उशिरा येणं ही फसवणूक नव्हे, ते तिथलं रोजचं वास्तव आहे. निदान आठवडाभराचा जादा शिधा आपलाच न्यावा.

‘वरून एक चक्कर मारतो, मूस दिसला की शेजारीच उतरवतो’ ही उदारता नाकारा. ज्या दिवशी उड्डाण केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत मूस, कॅरिबू, अस्वल यांच्यावर गोळी झाडता येत नाही. पायलटचं सोडा, चाप ओढणारे तुम्ही असता.

शिवाय बेकायदा शिकारीसाठी गाइडची सेवा विकणं आणि विकत घेणं, दोन्ही १९०० सालच्या संघीय लेसी कायद्यात वन्यजीवाची खरेदी-विक्री धरली जाते. जाणूनबुजून केलेल्या गंभीर गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. ‘थोडं स्वस्त पडतं ना’ म्हणून डोळेझाक करणाऱ्याने हे कलम आधी वाचावं.

तपासणी फार वेळ खात नाही. गाइड आणि ट्रान्सपोर्टर यांची लायसन्सं फिश अँड गेम खातं देत नाही, ते काम बिग गेम कमर्शियल सर्व्हिसेस बोर्डाचं, आणि हे बोर्ड राज्याच्या वाणिज्य खात्यात येतं. लोक चुकीच्या वेबसाइटवर शोधतात आणि नाव सापडलं नाही की ‘असेल काहीतरी तांत्रिक’ म्हणून सोडून देतात. वाणिज्य खात्याच्या ‘प्रोफेशनल लायसन्स सर्च’मध्ये नाव टाका. प्रकार, स्थिती, मुदत बघा. कंपनीच्या नावावर समाधान मानू नका, करारावर सही करणाऱ्या माणसाचा लायसन्स क्रमांक मागा. लेखी करार गाइडलाही सक्तीचा आहे, ट्रान्सपोर्टरलाही. त्यात तारखा, युनिट, प्राणी, दर, परताव्याची अट आणि कोणत्या सेवा मिळणार हे स्पष्ट हवं. ‘पॅकेज’ हा शब्द खोडून त्या जागी सेवांची यादी लिहायला सांगा. ट्रान्सपोर्टर लायसन्सवाला ‘तंबू’ लिहायला तयार झाला तर त्याने स्वतःविरुद्ध पुरावा दिला. तयार झाला नाही तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पैसे गेलेच असतील तर तक्रार दोन ठिकाणी करायची, बोर्डाच्या तपास विभागाकडे आणि अलास्का वाइल्डलाइफ ट्रूपर्सकडे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, पैसे पाठवल्याची पावती, तंबूचे लोकेशनसह फोटो, विमानाच्या शेपटीवरचा ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक, सगळं द्या. बोर्ड लायसन्स काढून घेऊ शकतं, पण तुमची आगाऊ रक्कम वसूल करून देणं हे त्याचं काम नव्हे. त्यासाठी १०,००० डॉलरपर्यंतचा दावा अलास्काच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो. क्रेडिट कार्डने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक (व्यवहार उलटवून पैसे परत) मागता येतो. वायरने गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत, आणि वायरचा आग्रह त्यांनी धरला होता तो म्हणूनच.