कार्यअहवाल की प्रश्नोत्तरांची यादी? आमदाराचं काम वाचायच्या दोन जागा

माझ्या मेडिकलच्या गल्ल्याखाली एक खण आहे. त्यात उधारीची वही, जुन्या पावत्या आणि गेल्या विधानसभेच्या वेळचे दोन गठ्ठे पडून आहेत. एक आमच्या आमदारांचा कार्यअहवाल : गुळगुळीत कागद, 64 पानं, मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो. दुसरा म्हणजे विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेल्या, आमदारांनी मंत्र्यांना विचारलेल्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांच्या उत्तरांसकट याद्या, स्टेपल मारलेल्या, कडेला पेन्सिलीच्या खुणा. 2024 च्या नोव्हेंबरात मतदानाआधी दोन्ही शेजारी ठेवून मी वाचले होते. परवा पुतण्याचा पुण्याहून फोन आला. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आमदारावरून रोज भांडणं होतात म्हणे. "काका, यांनी खरंच काय केलं हे बघायचं तर कुठून सुरुवात करू?" त्याला तेव्हा गिऱ्हाईक सांभाळत अर्धवट सांगितलं, ते इथे नीट लिहितो. मालमत्ता आणि गुन्हे शपथपत्रात असतात, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. इथे फक्त कामाचं बोलू.

अहवालाला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून आधी त्याची बाजू. त्यात गावनिहाय यादी असते. कुठल्या वाडीला मोरी झाली, कुठल्या आळीत पेव्हर ब्लॉक बसले, कुठल्या समाजमंदिरावर पत्रे आले, हे विधानभवनाच्या कुठल्याच कागदात सापडायचं नाही. चार लाखांच्या मोरीवर सभागृहात प्रश्न कोण विचारणार? पण त्याच मोरीपायी पावसाळ्यात वस्तीवरच्या पोरांची शाळा बुडते. माझ्या बहिणीच्या वस्तीजवळची मोरी अहवालात होती आणि ती खरंच झालेली आहे, मी तिच्यावरून गाडी नेली आहे. तेव्हा सगळंच हवेतलं असतं असं मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात नकळत कळते, ती म्हणजे आमदाराचा कल. पहिली दहा पानं कशाला दिली आहेत ते बघा. आमच्याकडे रस्ते, मग देवस्थानं, मग व्यायामशाळा. आरोग्य थेट 47 व्या पानावर, तेही चष्मेवाटपाच्या शिबिराचे फोटो. प्राधान्यक्रम कुणी भाषणात सांगत नाही, पानांच्या क्रमात तो सांगून जातो.

आकड्यांकडे मात्र जरा थांबून बघावं. आमच्या अहवालाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत होतं : '450 कोटींची विकासकामे'. आमदार स्थानिक विकास निधी 2022 मध्ये वर्षाला 4 कोटींवरून 5 कोटी झाला. म्हणजे पाच वर्षांची बेरीज 25 कोटींच्या आतच राहते. त्यातही आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने होते. मग उरलेले सव्वाचारशे कोटी कुठले? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, जलजीवन मिशन, जिल्हा नियोजन समितीचा निधी, सार्वजनिक बांधकाम खात्याचा अर्थसंकल्प. यात लबाडीच आहे असं नाही. खात्यात खेटे घालून रस्ता यादीत बसवणं हेही कामच आहे. पण जलजीवन मिशन 2019 मध्ये देशभर सुरू झालं. आमच्या तालुक्यात नळ आले तसे शेजारच्याही आले, आणि तिकडचे आमदार दुसऱ्या पक्षाचे होते. एका रस्त्यावर तर आमदार आणि खासदार दोघांचे फलक आहेत, समोरासमोर. कंत्राटदार एकच.

आता याद्यांकडे वळू. त्यांची भाषा पहिल्यांदा वाचताना हसू येतं. प्रत्येक प्रश्न 'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' असा सुरू होतो. मग 'अमुक महिन्यात वा त्या सुमारास निदर्शनास आले, हे खरे आहे काय', मग 'असल्यास, चौकशी केली आहे काय', आणि शेवटी ठरलेलं शेपूट : 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरंही तशीच साच्यातली. 'होय.' 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' शंभर प्रश्न वाचले की 'अंशतः खरे' या दोन शब्दांत किती काय मावतं हे कळायला लागतं.

वाचायला त्या सोप्या नाहीत. मी उघडलेल्या फायलींत मराठी शब्द टाकून शोध लागेना, तालुक्याचं नाव डोळ्यांनीच हुडकावं लागलं. त्यात दोन रविवार गेले. मोजायला बसलात तर फसगत व्हायलाही वाव आहे. एकेका प्रश्नावर दहा-दहा, पंधरा-पंधरा सदस्यांची नावं असतात, त्यामुळे 'आमच्या साहेबांनी इतके शे प्रश्न विचारले' या वाक्याला मी फार किंमत देत नाही. आमदार मंत्री झाला की तो प्रश्न विचारतच नाही, उत्तरं देतो; त्याच्या नावापुढचं शून्य म्हणजे आळस नव्हे. सत्ताधारी बाकांवरचे पुष्कळदा मंत्र्याच्या केबिनमध्येच काम उरकतात. आणि 2020-21 कुणाच्याच खात्यात धरू नका. करोनामुळे डिसेंबर 2020 चं हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत दोन दिवसांत गुंडाळलं, जुलै 2021 चं पावसाळीही दोनच दिवसांचं. नागपूरला अधिवेशन परतलं ते डिसेंबर 2022 मध्ये.

इथपर्यंत पारडं अहवालाकडेच झुकतंय असं वाटेल. माझंही तसंच होतं, एक्स-रेच्या पानापर्यंत.

माझं दुकान ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकासमोर आहे. अहवालात 48 व्या पानावर त्याच रुग्णालयाचा फोटो : फीत कापणारे साहेब, मागे पांढरं यंत्र, खाली ओळ, 'अद्ययावत एक्स-रे मशिन कार्यान्वित'. मी रोज काय बघत होतो ते सांगतो. सुजलेला हात पोटाशी धरून माणूस आत जायचा आणि दहा मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर यायचा : 'एक्स-रे बाहेरून.' मग माझ्याकडे क्रेप बँडेज आणि गोळ्या घ्यायचा, आणि खासगी सेंटर कुठे आहे ते मलाच विचारायचा. एकदा मी स्वतः आत जाऊन पाहिलं. यंत्र होतं. त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं, आवरणावर धूळ, आणि धुळीत कुणीतरी बोटाने बाण आणि बदाम काढलेला. तंत्रज्ञाचं पद रिकामं होतं.

अहवाल खोटं बोलत नव्हता. फीत कापली त्या दिवशी यंत्र चालूही केलं असेल. पण त्या ओळीपुढे तारीख नव्हती. मग मी सगळी पुस्तिका पुन्हा पालथी घातली. 64 पानांत कामांपुढे चारच शब्द फिरून फिरून येत होते : मंजूर, प्रगतिपथावर, पूर्ण, पाठपुरावा सुरू. कधी मंजूर? कधीपासून प्रगतिपथावर? एका बंधाऱ्यापुढे 'मंजूर' होतं आणि तो 'मंजूर' मी आधीच्या निवडणुकीच्या पत्रकातही वाचलेला होता. माझा धंदा असा की प्रत्येक पट्टीवर बनवल्याची आणि संपायची तारीख बघितल्याशिवाय हातातून सोडत नाही. कदाचित म्हणूनच मला हे इतकं खुपलं असेल. दुसऱ्या कुणाला ते तितकं लागणार नाही, हेही मान्य.

तोच एक्स-रे पुढे यादीत सापडला. तेरा जणांच्या नावांत आमच्या आमदारांचं नाव नववं होतं, म्हणजे प्रश्न मूळ त्यांचा नसावा. जिल्ह्यातल्या सगळ्याच ग्रामीण रुग्णालयांतल्या रिक्त पदांवर तो होता. उत्तराच्या आधी कंसात तारीख. पहिल्या पोटप्रश्नाला 'हे अंशतः खरे आहे'. आणि तिसऱ्याच्या उत्तरात एक ओळ होती, तिच्याखाली मी पेन्सिलीने दोनदा रेघ मारली : आमच्या रुग्णालयात शेजारच्या तालुक्यातून तंत्रज्ञाची आठवड्यातून दोन दिवस प्रतिनियुक्ती केलेली आहे. केलेली आहे! फाटकासमोर बसून मला त्याचा पत्ता नव्हता.

ते पान घेऊन मी वैद्यकीय अधीक्षकांकडे गेलो. बरोबर गल्लीतले दोन जण होते. कुणी आवाज चढवला नाही. अधीक्षकांनी पान वाचलं, तारीख बघितली, परत वाचलं आणि म्हणाले, "हे तुम्हाला कुठं मिळालं?" तीन आठवड्यांनी मंगळवारी एक्स-रे निघायला लागले. शुक्रवारचं अजून धड नाही. पण 48 वं पान घेऊन गेलो असतो तर काय झालं असतं? त्यांनीही तोच फोटो भिंतीवर लावलेला होता.

एवढ्यावरून अहवाल वाईट आणि याद्या चांगल्या असा निकाल लावू नका. एका तालुक्याचा, एका दुकानदाराचा अनुभव आहे. पण फरक मला असा दिसतो : अहवाल आमदाराचं काम सांगतो, यादीतलं उत्तर सरकारला बांधून घेतं. मंत्र्यांनी सभागृहात 'कार्यवाही करण्यात येईल' म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचं पुढे काय झालं हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. पुस्तिकेतल्या 'पाठपुरावा सुरू'ला विचारणारं कोण आहे?

संपर्काचं म्हणाल तर दोन्ही कागद तिथे तोकडे पडतात. आमच्याकडे आमदाराचं मोजमाप अजूनही 'दहाव्याला आले होते' यावर होतं, आणि ते अगदीच चुकीचं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सांगोल्यातून 11 वेळा निवडून गेलेल्या गणपतराव देशमुखांचा एसटीचा प्रवास लोक अजून सांगतात. फक्त त्याच गणपतरावांनी दुष्काळी भागाच्या पाण्याचा प्रश्न सभागृहातही वर्षानुवर्षं लावून धरला, हे सांगायचं राहून जातं. आजच्या काळात आमदाराचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यावर वाढदिवस, शोकसंदेश आणि रीळं येतात. तक्रार टाकली की पीएचा जोडलेल्या हातांचा इमोजी येतो. तो मी उत्तर धरत नाही. निवेदन द्यायचं तर दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेऊनच कार्यालयाची पायरी उतरायची. पुन्हा तारीख, काय करणार.

पुतण्याला मी शेवटी असं सांगितलं. ज्याला आपल्या वाडीची मोरी आणि समाजमंदिर बघायचं आहे त्याने अहवाल घ्यावा, पण हातात पेन्सिल ठेवावी आणि प्रत्येक 'पूर्ण'पुढे जाऊन बघून यावं. ज्याला एकाच विषयाची, शाळा, पाणी, रुग्णालय, काय असेल त्याची, तड लावायची आहे त्याने याद्या उघडाव्यात. किती प्रश्न ते मोजू नये. आपल्या तालुक्याचं नाव आलेले चार-पाच प्रश्न शोधावेत आणि त्यांत कुणाचं नाव पहिलं आहे ते बघावं. वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी तो याद्यांना देईन. "आणि काका, एवढं सगळं वाचायचं?" असं तो म्हणाला. नाही रे. शेवटच्या पोटप्रश्नापासून वाच, विलंबाच्या कारणांपासून. तिथे 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिलेलं असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.