वडिलांची स्मरणपुस्तिका: एका छपाई सेवेचा अनुभव

वडील प्रभूमध्ये निजल्याला वर्ष होत आले, तेव्हा उपकारस्तुतीच्या उपासनेसाठी त्यांच्या जीवनावर एक छोटी पुस्तिका काढावी असे आम्हा भावंडांनी ठरवले आणि कुटुंबांसाठी अशी पुस्तके लिहून, मांडून, छापून देणाऱ्या एका सेवेकडे हे काम सोपवले. पुस्तिका झाली आणि ती घरात सतत हाताळलीही जाते. मात्र तिच्यात जे चांगले उतरले आहे, त्यातले बरेचसे आम्हाला त्या सेवेशी हुज्जत घालून मिळवावे लागले, हे आधीच सांगितले पाहिजे.

या सेवेची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे तिची प्रश्नावली. ‘ते कसे होते?’ असा प्रश्न तिच्यात कुठेही नाही. सकाळी उठल्यावर ते प्रथम काय करीत, प्रार्थना मोठ्याने करीत की मनात, कोणते स्तोत्र त्यांना तोंडपाठ होते, त्यांना राग कशाचा येई, असे प्रश्न आहेत आणि ते मुलांना व नातवंडांना वेगवेगळे पाठवले जातात. त्यामुळेच एक गोष्ट कळली. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजोबा सर्व नातवंडांची नावे वयाच्या क्रमाने घेत आणि ज्याचे त्या दिवशी कुणाशी भांडण झाले असेल, त्याचे नाव दोनदा येई. आम्ही त्याच खोलीत गुडघे टेकून बसत असूनही हे आमच्या ध्यानात आले नव्हते. नातवंडे मात्र मोजत होती.

इतकी चांगली उत्तरे हाती असताना त्यांच्या लेखकाने पाठवलेला पहिला मसुदा वाचून आम्ही निराश झालो. ‘देवभीरू, प्रेमळ, कष्टाळू, परोपकारी’ अशी विशेषणे ओळीने मांडलेली होती आणि तो मजकूर कोणत्याही वडिलांच्या छायाचित्राखाली छापता आला असता. वडील तापट होते. थोरल्या काकांशी त्यांचा एकदा अबोला झाला, तेव्हा सलग दोन वेळा त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतील भाकर व द्राक्षारस, घेतले नाही, कारण वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याविषयी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात (वचने २३ व २४) जे सांगितले आहे, ते त्यांच्या लेखी शब्दशः पाळायचे होते. पुढच्या वेळी उपासनेआधीच ते काकांच्या दारात जाऊन उभे राहिले. हा प्रसंग ‘नकारात्मक वाटेल’ म्हणून गाळण्यात आला होता. आम्ही तो परत घालायला लावला, आणि वडिलांच्या विश्वासाविषयी इतके सांगणारे दुसरे पान पुस्तिकेत नाही असे मला वाटते.

मुखपृष्ठाच्या वचनाबाबतही असेच झाले. त्यांच्या तयार साच्यात १ करिंथ १३ मधील प्रीतीविषयीचे वचन होते; ते सुंदर आहे, पण आमच्या ओळखीत ते लग्नपत्रिकेवरच अधिक दिसते. आम्ही धाव संपवल्याचे आणि विश्वास राखल्याचे वचन निवडले, म्हणजे पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले, २ तीमथ्य ४:७. त्याच पत्राच्या आरंभी, १:५ मध्ये, तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता याची पौल आठवण करून देतो. नातवंडांच्या लेखांचा विभाग आम्ही त्या वचनाने सुरू केला.

सर्वांत मोठी चूक वडिलांच्या पवित्र शास्त्राच्या पानांबाबत झाली. ते समासात पेन्सिलीने तारखा लिहीत. स्तोत्र १२१ च्या शेवटी, जाण्यायेण्यात रक्षण करण्याचे अभिवचन आहे तेथे, आम्ही प्रत्येकाने प्रथम घर सोडल्याची तारीख आहे. पहिल्या नमुन्यात ते पान अगदी स्वच्छ दिसत होते, कारण संगणकाने पार्श्वभूमीवरचे डाग काढताना तारखाही पुसून टाकल्या होत्या. शिवाय कागद पातळ असल्याने मागच्या बाजूचा मजकूर समोर उमटला होता. तक्रार केल्यावर त्यांनी पानामागे काळा कागद ठेवून, रंगीत स्कॅन करून आणि कोणतीही सफाई न करता ते पान पुन्हा तयार केले, आणि हे दुसरे काम खरोखर उत्तम आहे. आम्ही तक्रार केली नसती, तर मात्र त्यांनी ते केले नसते.

छायाचित्रांविषयी एकच सूचना. वडिलांच्या तरुणपणीचे २ बाय ३ इंचांचे छायाचित्र त्यांनी इंचाला ६०० बिंदूंवर स्कॅन केले. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे ते फार तर ४ बाय ६ इंचांपर्यंत नीट छापता येते. तरीही ते ताणून ए५ आकाराच्या मुखपृष्ठावर लावले गेले आणि चेहरा धूसर झाला. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरेही तुटली होती, म्हणून छपाईपूर्वीचा नमुना घरातील दोघांनी तरी वाचावा. वडिलांच्या आवाजातील प्रार्थना ऐकण्यासाठी छापलेला क्यूआर कोड चालतो, पण तो त्यांच्या संकेतस्थळावर अवलंबून असल्याने आम्ही मूळ ध्वनिफीत मागून घेतली. ती त्यांनी कुरकुर न करता दिली.

मधोमध शिवलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात. आमचा मजकूर ३० पानांचा झाला, तेव्हा उरलेल्या दोन पानांवर क्रूस आणि लिलीची फुले छापण्याचा त्यांचा प्रस्ताव आम्ही नाकारला आणि ती कोरी ठेवून घेतली. माझ्या प्रतीत धाकट्या नातीने तेथे आजोबांच्या क्रमाने सर्वांची नावे लिहिली आहेत, स्वतःचे दोनदा.

आणखी प्रती आम्ही याच सेवेकडून मागवल्या आहेत. मुखपृष्ठाचे छायाचित्र मात्र या वेळी १२०० बिंदूंवर स्कॅन करून आम्हीच पाठवले.