एक मीटरचा बाल्सा ग्लायडर, सोलापूरच्या उन्हात आठ महिने

डिसेंबरात कुरिअरवाल्याने रेडिओवर उडवायच्या ग्लायडरच्या किटचं खोकं हातात दिलं. बायकोने ते उचलून बघितलं आणि विचारलं, "रिकामंच पाठवलंय का?" बाल्साचं लाकूड असतंच तसं हलकं. पाच फूट लांब फळी दोन बोटांत उचलता येते. लेझरने कापलेल्या रिब्स (पंखाच्या फासळ्या), पाइनचे स्पार (पंखातल्या लांब पट्ट्या), शेपटीसाठी कार्बनची नळी आणि पंखावर चढवायच्या कव्हरिंगच्या फिल्मचा एक रोल, एवढाच ऐवज. पंखांचा पल्ला ९९ सेंटीमीटर, मधल्या भागात पंखाची रुंदी १५. उडवायला मोटार नाही. डावं-उजवं वळवायला रडर, वर-खाली करायला एलेव्हेटर, आणि ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो, दोनच. माझे साडेतीन हजार गेले. रेडिओ आधीपासूनच होता.

आठ महिन्यांनी लिहितोय, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रिब्स खाचेत बरोबर बसतात. लाकडाला फेविकॉल, घाईच्या ठिकाणी फेविक्विक, पंखाच्या मधल्या सांध्याला इपॉक्सी. कव्हरिंग घरच्या इस्त्रीने बसवलं, त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे नको. नकाशा मात्र इतका बारीक छापलाय की भिंग लागतं. तो मी झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला.

खरा घोळ नाकातल्या वजनाचा झाला. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० मिलिमीटरवर सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, ठेवा, असं किटमध्ये सांगितलंय. तिथे आणायला १८ ग्रॅम शिसं लागलं. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगची चिकट वजनं मिळतात, तीच कापून वापरली. आमच्या भागातल्या मैदानावर सकाळी साडेसहाला हातफेक केली, तर हा कावळ्यासारखा उड्या मारत चालला. नाक वर, थांबला, खाली, परत नाक वर. मला वाटलं शेपूट जड आहे. आणखी १० ग्रॅम नाकात. उड्या कमी झाल्या नाहीत, वेग मात्र वाढला. तिसऱ्या दिवशी तर रडरची दिशा रेडिओत उलटी राहिली होती. डावीकडे वळव म्हटलं, तो उजवीकडे वळून थेट गोलपोस्टवर. नाक चेपलं, चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून प्रत्येक फेकीआधी विमानाच्या मागे उभं राहून डावं-उजवं-वर-खाली बघतो.

उत्तर मिळायला फेब्रुवारी उजाडला. ज्वारीची काढणी झाली आणि तुळजापूर रोडला, उळ्याच्या पुढे, ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान मोकळं झालं. इतक्या लांब जायचं कारण म्हणजे होटगी रोडचं विमानतळ. विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडलेलं गाव आपलं, तिथे विमानतळाच्या आसपास खेळणं उडवणं शहाणपणाचं नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात जागा बघून घ्यावी. २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र ड्रोन नियम २०२१ मध्ये नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या, गटात मोडतं, म्हणून मी वजन त्याच्या आत ठेवलंय. बार्शी रोडचे माळ याहून सुरेख आहेत, पण तिथे नान्नजचं माळढोकांचं अभयारण्य आहे. तिकडे जायचंच नाही.

रानात रबर ताणून उडवायला सुरुवात केली. मेडिकलमधली दहा मीटर लेटेक्स नळी, तिला गवंड्याची चाळीस मीटर लाइनदोरी, टोकाला कडी आणि लाल फडकं. विमानाच्या पोटाला सीजीच्या आठेक मिलिमीटर पुढे ती कडी अडकवायचा आकडा. आकडा मागे सरकला तर विमान वर जाताना कुशीवर पडतं, फार पुढे गेला तर चढतच नाही. तीसेक मीटर उंची मिळायला लागली आणि मग डाइव्ह टेस्ट करता आली. सरळ उडवत नाक जरा खाली घालायचं, वेग आला की स्टिक सोडून बघत राहायचं. माझं विमान सोडल्यासोबत झटकन वर उसळलं. म्हणजे शेपूट जड नव्हतंच, नाक जड होतं! पंखाचा कोन शेपटीच्या मानाने जास्त होता, त्यामुळे वेग आला की नाक वर, आणि मी त्यावर शिसं चढवत बसलो होतो. तापावर घोंगडी पांघरल्यासारखं.

पंखाची बैठक मीच घासताना मागच्या बाजूला खोल केली होती. बाद झालेल्या एटीएम कार्डाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून पंखाच्या मागच्या कडेखाली सरकवले. दीड मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासं जास्त. शिसं २८ वरून १२ ग्रॅमवर आलं. मग विचार केला, वजन वाहायचंच तर कामाचं वाहू. विमानातल्या रेडिओ रिसीव्हरचा २८ ग्रॅमचा छोटा बॅटरी पॅक काढून चार ट्रिपल-ए रिचार्जेबल सेल बसवले, ते ५० ग्रॅम भरले. शिसं शून्य. एका चार्जवर आख्खी सकाळ निघते. सेल थोडे थोडे मागे सरकवत सीजी ५६ मिलिमीटरवर आणला. आता डाइव्हमधून तो सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा वर येतो.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं. एप्रिलमध्ये दोन तास बंद गाडीत राहिला. कव्हरिंगला सुरकुत्या पडल्याच, वर डाव्या पंखाचं टोक पिळलं, मागची कड खाली गेली. त्या दिवशी वेग जरा कमी झाला की डावीकडे गिरकी घेत पडायचा. दुरुस्ती सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. एकाने टोक उलट पिळून धरायचं, दुसऱ्याने इस्त्री फिरवायची, गार होईपर्यंत सोडायचं नाही. दोन्ही टोकांची मागची कड तीन मिलिमीटर वर ठेवलीय. तेव्हापासून हळू उडतानाही पंख पाडत नाही. नेताना जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळतो. किटचं पारदर्शक निळं कव्हरिंग आपल्या उन्हाळ्यातल्या पांढुरक्या आभाळात दिसेनासं होतं, म्हणून खालच्या बाजूला लाल आणि काळे पट्टे मारले.

हिशोबाची आवड असणाऱ्यांसाठी: समुद्रसपाटीवर १५ अंशांना घनमीटरभर हवा १.२२५ किलो भरते. आपल्या उंचीवर ४० अंशांना ती १.०७ च्या आसपास येते. म्हणजे तेच विमान इथे तरंगायला साधारण सात टक्के जास्त वेग मागतं. उतरताना ते जाणवतं.

आणि उतरणं म्हणजे धसकटं. ज्वारी कापल्यावर राहिलेले ते खुंट कव्हरिंग ब्लेडसारखं फाडतात. रुंद चिकटपट्टी सतत खिशात. मे महिन्यात काळ्या रानाच्या भेगेत नाक रुतून कार्बनची नळी तडकली. त्यावर दोरा गुंडाळून इपॉक्सी लावलं, अजून टिकून आहे.

पण याच काळ्या रानाने मजाही दिली. एका बाजूला हिरवा ऊस, शेजारी नुकतीच नांगरलेली काळी जमीन. दहानंतर तिथून हवा उठते. विमानाचा एक पंख आपोआप उचलला गेला तर उचललेल्या बाजूलाच वळायचं, हे वाचून माहीत होतं. रानमालक बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "इंजिन न्हाई म्हंता, मग वर कशावर ऱ्हातंय?" मी ऐटीत घारी दाखवल्या. ते हसले. "त्ये म्हाईत हाय की मालक. नांगरट तापली का घारी तितंच येत्यात. तुमीच इतके दिस तिकडं बाभळीपाशी फेकत हुता." त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यावरून सोडला आणि सतरा मिनिटं तो खाली आला नाही. तोवरचा माझा विक्रम दोन मिनिटांचा.

शेवटची पाच मिनिटं मात्र पोटात गोळा. हा ठिपका झाला, वर वर चालला, आणि खाली आणायला माझ्याकडे काहीच नाही. नाक दाबलं तर वेगाने पंख फडफडायला लागतील ही भीती. पूर्ण रडर मारून गिरक्या घेत कसाबसा उतरवला. त्याच आठवड्यात पंखाच्या मधोमध वीस सेंटीमीटरची स्पॉयलरची पट्टी (उघडली की पंखाची उचल कमी करणारी) आणि पाच ग्रॅमचा तिसरा सर्व्हो बसवला. पट्टी उघडली की नाक हलतं, म्हणून रेडिओत एलेव्हेटरचं थोडं मिक्स टाकलंय, पट्टीसोबत तोही आपोआप जरा हलतो. एकूण वजन २३८ ग्रॅम. किटमध्येच ही सोय हवी होती. बाकी लाकूड आणि कापणी पैसा वसूल.

जूनपासून पश्चिमेच्या वाऱ्यात हा हलका जीव पुढे सरकत नाही, त्यामुळे सध्या खोलीत टांगलाय. लेटेक्स उन्हाने चिकट झालंय, नवीन आणून टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवायचंय. रानमालकांचा निरोप आहे की हस्ताच्या आधी पेरणी उरकणार. वारा पडला तर त्याआधीचे दोन-तीन रविवार माझे.