टाके घालण्यापूर्वी: कोथरूडमधील एका अपघात विभागाविषयी

अपघात विभाग चांगला की वाईट हे लोक टाक्यांच्या सुबकपणावरून ठरवतात, आणि ही कसोटी मला अपुरी वाटते. टाके कसे पडले हे कोणालाही दिसते. पण ते पडण्यापूर्वी जखमेत काय तपासले आणि तिच्यातून काय धुऊन काढले हे सहसा कोणी पाहत नाही, आणि जखम सरळ भरेल की चिघळेल हे बहुतांशी त्यावरच ठरते. प्रस्तुत अभिप्राय कोथरूडमधील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाविषयी आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा विभागाचा दर्जा दारावरच्या पाटीपेक्षा त्या वेळी ड्यूटीवर कोण आहे यावर अधिक अवलंबून असतो. शिवाय पुढे काही तक्रारीही आहेत.

वडिलांच्या हातातून लोणच्याची काचेची बरणी निसटून फुटली आणि उजव्या तळहातावर, करंगळीच्या खाली, सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची आडवी जखम झाली. शेजारच्या काकूंनी तत्परतेने तीत हळद दाबून भरली, त्यामुळे रुग्णालयात पोहोचेपर्यंत तेल, मोहरी, हळद आणि रक्त यांचा लगदा झाला होता.

या विभागाचे खरे कौतुक पुढच्या पंधरा मिनिटांसाठी करावे लागेल. ड्यूटीवरील डॉक्टरांनी भुलीचे इंजेक्शन बाजूला ठेवले आणि आधी बोटे तपासली. "काका, करंगळी वाकवा. आता मी ती सरळ करायचा प्रयत्न करते, तुम्ही सोडू नका," असे म्हणत त्यांनी प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा जोर लावून पाहिला. नंतर टेबलावरची एक जेम क्लिप उलगडली, तिची दोन्ही टोके पाच-सहा मिलिमीटरच्या अंतरावर आणली आणि वडिलांना डोळे मिटायला सांगून बोटांच्या दोन्ही कडांना ती टेकवत एक टोक लागते की दोन, असे विचारत गेल्या. एकदा भूल दिली की मज्जातंतू कापला आहे का हे कळण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून हा क्रम महत्त्वाचा, आणि घाईच्या विभागांत नेमका हाच क्रम उलटा होतो.

भूल दिल्यावर त्यांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून थोडा वेळ रक्त थांबवले आणि बोटे हलवायला लावून जखमेचा तळ पाहिला. अर्ध्याहून अधिक कापलेला टेंडनही (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) बोट वाकवू शकतो आणि काही दिवसांनी एखादी वस्तू उचलताना अचानक तुटतो; त्यामुळे केवळ 'बोट हलते आहे ना' यावर समाधान मानता येत नाही. काचेसाठी दोन दिशांनी एक्स-रे काढला. काच एक्स-रेत दिसत नाही असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात दोन मिलिमीटरहून मोठा तुकडा जवळपास नेहमीच दिसतो, न दिसणारी वस्तू म्हणजे लाकडाची ढलपी. वडिलांच्या हातात काच निघाली नाही.

मग धुणे. आधी वाहत्या नळाखाली आणि नंतर मोठ्या सिरिंजने दाब देत सलाईनची अर्धा लिटरची बाटली जवळपास संपली. जखमेच्या दर सेंटिमीटरला पन्नास ते शंभर मिलिलिटर हा त्यामागचा ढोबळ हिशेब. पिण्याजोगे स्वच्छ नळाचे पाणीही या कामाला सलाईनइतकेच चालते. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढण्याची आपली जुनी हौस मात्र जखमेतील निरोगी पेशींनाही इजा करते. माझ्या भाच्याला पावसाळ्यात दुचाकी घसरल्यावर शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी गुडघ्याला इतके देखणे टाके घातले होते की घरी सर्वांना दाखवून झाले. आत खडी राहिली होती, आणि आठवड्याभरात ते सगळे उसवून जखम उघडी ठेवावी लागली.

टाके साधे, नायलॉनचे, फक्त त्वचेतून, एकेक सुटे घातलेले. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले हे विचारून, दहा वर्षे उलटून गेल्यामुळे नवे दिले. प्रतिजैविक दिले नाही, आणि वडिलांना हा निष्काळजीपणा वाटला; परंतु व्यवस्थित धुतलेल्या साध्या जखमेला ते लागत नाही, असे डॉक्टरांनी न कंटाळता समजावले. शेजारच्या खाटेवर कुत्रा चावलेला एक मुलगा होता. त्याच्या आईचा टाक्यांचा आग्रह मोडून त्यांनी आधी पंधरा मिनिटे साबण-पाण्याने पाय धुऊन घेतला आणि रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडे) जखमेत व तिच्याभोवती टोचले. टाके घालून तोंड बंद करण्याची घाई अशा जखमेत अंगलट येऊ शकते, हे त्या माउलीला त्यांनी दोन वाक्यांत पटवले.

आता उणे बाजू. केसपेपर निघण्याआधीच काउंटरवर अनामत रक्कम मागितली गेली, आणि वडिलांच्या हातातून रक्त ठिबकत असताना कार्डाचे मशीन चालत नाही म्हणून मला एटीएम शोधत बाहेर जावे लागले. बिलात हातमोज्यांच्या जोड्या प्रत्यक्ष वापरल्या त्याहून अधिक लावल्या होत्या. विचारल्यावर निमूटपणे कमी केल्या, म्हणजे विचारले नसते तर भरल्याच असत्या. सर्वांत मोठा दोष घरी देण्याच्या कागदाचा. तो पूर्ण इंग्रजीत, तोही आद्याक्षरांत, आणि टाके कधी काढायचे त्या जागी केवळ 'ओपीडीत दाखवा'. तळहाताचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, चेहऱ्याचे तीन ते पाच दिवसांत. हा फरक रुग्णाला माहीत नसेल तर चेहऱ्यावर टाक्यांचे व्रण राहतात किंवा तळहाताची जखम उघडते. आम्हाला तारीख डॉक्टरांनी तोंडी सांगितली आणि आग्रह धरल्यावर पेनाने लिहून दिली. लालसरपणा वाढला, पू आला, ठणका लागला किंवा ताप भरला तर लगेच यावे, ही सूचनाही कागदावर नव्हती.

टाके काढण्यासाठी ओपीडीचे वेगळे शुल्क आकारले जाते, हे आधी कोणी सांगत नाही. जाणार असाल तर सकाळी लवकर जावे. अकरानंतर ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बसायलाही जागा उरत नाही.