कोलकास विश्रामगृह, मेळघाट: वाघासाठी नाही, सिपनेसाठी जा

वाघच बघायचा असेल तर सरळ ताडोबा गाठा. मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी असला, तरी इथं वाघ सहजी दिसत नाही. ताडोब्याची सपाटी आणि तलाव इथं नाहीत. गाविलगडाचे डोंगर, खोल दऱ्या, साग आणि बांबू. त्यातल्या वैराट शिखराची उंची तर ११७८ मीटर. रस्त्यालगत बसलेलं जनावरसुद्धा उतारामुळे झाकलं जातं.

तरी कोलकासला दोन मुक्काम कराच. खाली सिपना नदी वळण घेते आणि व्हरांड्यात बसल्याबसल्या ती दिसते. खोल्या साध्याच. हॉटेलवाल्या अपेक्षा घेऊन येणारे इथं चिडतात. बुकिंग आधी ऑनलाइन करा, पोचल्याबरोबर जेवणाचं सांगून ठेवा. आयत्या वेळी मागून काही मिळेल या भरवशावर राहू नका. खिडक्या लावूनच बाहेर पडा, माकडं फार.

परतवाड्यातच टाकी फुल करा आणि रोख पैसे काढा. पुढे मोबाइलला रेंज मिळाली तर मिळाली. सेमाडोहपर्यंत पन्नासेक किलोमीटर घाटवळणं आहेत. निघताना तर्री-पोहे चापले की मुलांना हमखास उलट्या. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहा, सारखा ब्रेक दाबला की तो तापून ढिला पडतो.

हंगाम नीट निवडा. जुलै ते सप्टेंबर जंगलाच्या गाभ्यातल्या सफारी बंद. दिवाळीच्या सुमारास हिरवळ डोळे निववते, पण उंच गवतात काही दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सागाची पानं झडतात, नदीत डोह तेवढे उरतात आणि गवे, सांबरं पाण्यावर येतात. वाळल्या पाचोळ्यावर गव्याचं पाऊल आधी ऐकू येतं, मग तो दिसतो. थंडीत उघड्या जिप्सीत कानटोपी आणि घोंगडी हवीच.

इथलं खरं आकर्षण म्हणजे रानपिंगळा, एक छोटं घुबड. संपला असं समजलं गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला, मेळघाटातही आहे. दिवसा, निष्पर्ण सागावर शोधा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळपास कोरं, शेपटीवर मात्र रुंद पांढरे पट्टे. गाइडला निघण्याआधीच सांगा, नाहीतर सगळी सकाळ वाघाचे पगमार्क शोधण्यात जाते.

चिखलदऱ्याहून सकाळी येऊन संध्याकाळी परत, हा बेत मात्र करू नका. निम्मा दिवस घाटातच सरतो.