शेळीपालनाचं प्रशिक्षण कुठं घ्यावं? रांजणी-दहिवडी, फलटण, कृषी विज्ञान केंद्र की मंगल कार्यालय

आमचे दाजी पंचवीस वर्षं कोइंबतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात होते. आता दुकान पोराकडं देऊन विट्याजवळ गावी परतलेत. रानात टेंभू योजनेचं पाणी आलंय, रिकामं बसवत नाही, आणि डोक्यात पन्नास शेळ्या शिरल्यात. मागच्या आठवड्यात त्यांनी मोबाईलवर चार जाहिराती दाखवल्या आणि विचारलं, "यातलं कुठलं करू?"

मी त्यांना उलट विचारलं, "दाजी, शिकवून झाल्यावर ते तुम्हाला काय विकणार आहेत, ते बघितलं का?"

हा प्रश्न मला फुकट सुचलेला नाही. सात वर्षांपूर्वी मीही असाच एका दिवसाच्या सेमिनारला गेलो होतो. मंगल कार्यालय, स्टेजवर फुलांचा हार, पंधराशे रुपये फी, दुपारी गुलाबजामचं जेवण आणि संध्याकाळी रंगीत प्रमाणपत्र. फळ्यावर हिशोब मांडला होता: वीस शेळ्या, प्रत्येकीला जुळी, दोन वर्षांत तीन वेत, म्हणजे एकशेवीस करडं. त्यात एकही करडू मरत नव्हतं, एकही शेळी उलटत, म्हणजे लागूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत नव्हती. दिवसभरात आम्ही खरी शेळी बघितली ती फक्त पडद्यावर. चार वाजता मुद्द्याची गोष्ट निघाली: राजस्थानातून सिरोही शेळ्यांची गाडी येणार आहे, आज बुकिंग केलं तर सवलत, आणि करडं आम्हीच परत घेऊ. मी दहा शेळ्या आणि एक बोकड घेतला. गाडी उतरली त्याच संध्याकाळी घरच्या शेळ्यांत सोडल्या. आठवड्यात नाक वाहायला लागलं, तोंडात फोड, पातळ हागवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. तीन आठवड्यांत नव्या सहा आणि घरच्या चार गेल्या. करडं परत घेणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

तीन वेतांचा हिशोब तसा खोटा नव्हता. शेळी पाच महिने गाभण राहते, व्याल्यावर तीन महिन्यांत पुन्हा लागली तर आठ महिन्यांचं चक्र बसतं. पण ते बसायला वेळेवर माज ओळखावा लागतो, शेळीच्या अंगावर मांस लागतं आणि बारा महिने हिरवा चारा लागतो. हे शिकवायला दिवस अपुरा पडतो. शिवाय हे ऐकल्यावर माणूस बुकिंग करायला जरा कचरतो.

म्हणून मी प्रशिक्षणाची तुलना फी आणि दिवस मोजून करत नाही, शेवटी काय विकतात ते बघून करतो.

आता सरकारी बाजू. पुण्यात मुख्यालय असलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची राज्यात प्रक्षेत्रं आहेत आणि आपलं नशीब असं की त्यातली दोन आपल्या उंबऱ्यावर आहेत: सांगलीत कवठेमहांकाळ तालुक्यातलं रांजणी आणि साताऱ्यात माण तालुक्यातलं दहिवडी. मंगल कार्यालयाशेजारी हे ठेवून बघितलं तर पहिला फरक वासाचा. इथं लेंडीचा वास येतो. कळप समोर असतो. वाड्यात किती जागा लागते (मोठ्या शेळीला छपराखाली दहा ते बारा चौरस फूट, मोकळ्या जागेत त्याच्या दुप्पट), गव्हाण किती उंच हवी, बोकड वेगळा का बांधतात, हे सांगावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं. महामंडळही जनावरं विकतं, हे खरं. पण विकणं हाच त्याचा पोटधंदा नाही, आणि शिकायला आलेल्याच्या गळ्यात संध्याकाळी चार वाजता गाडी मारण्याची घाई तिथं कुणाला नसते. उलट अडचण दुसरी: सरकारी ठिकाणी बॅच कधी लागेल ते तुमच्या सोयीनं ठरत नाही. फोन करून नाव देऊन ठेवायचं आणि मधल्या काळात चारा लावायचा. खरं तर तो वेळ चांगलाच असतो, कारण आपल्यातले निम्मे लोक आधी शेळ्या आणतात आणि मग चारा शोधत ओढ्याकाठी फिरतात.

ज्यानं आयुष्यात शेळीचं दावं धरलं नाही, त्यानं सुरुवात इथून करावी. दाजी गलाईतले. सोन्याचा कस त्यांना डोळे झाकून कळतो, शेळीचे दात कळत नाहीत. दोन दाती, चार दाती, जुळलेली (सगळे मोठे दात आलेली) हे बाजारात व्यापारी बोलत असतो आणि नवखा नुसती मान डोलावतो. खालच्या जबड्यात पुढचे आठ दुधाचे दात असतात. साधारण सव्वा-दीड वर्षाच्या आसपास मधले दोन पडून मोठे येतात, पुढं वर्षागणिक एकेक जोडी. हे दहा शेळ्यांची तोंडं स्वतः उघडून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पापणीचंही तसंच. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा: लालसर-गुलाबी असेल तर ठीक, फिकट पांढुरकी असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी बसवली गेली, फमाचा म्हणतात तिला, रंगांचा तक्ताही असतो. तिचा फायदा असा की सगळ्या कळपाला सरसकट जंतनाशक पाजावं लागत नाही. सरसकट पाजून पाजून औषधच लागू पडेनासं होतं, आणि हे माझ्याकडं झालंय.

फलटणची गोष्ट वेगळी. तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, लोक नुसतं 'नारी' म्हणतात. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये ती उभी केली. करडई, ऊस, गोड ज्वारी असं बरंच काम तिथं झालं, पण शेळ्या-मेंढ्यांवाल्यांच्या लेखी फलटण म्हणजे दोन गोष्टी: दक्षिण आफ्रिकेतली मांसाची बोअर शेळी, आणि नारी सुवर्णा मेंढी. सुवर्णाची कथा प्रत्येक पैदासकारानं एकदा तरी ऐकावी. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची बुटकी मेंढी असते, तिला जुळी-तिळी होतात. कारण एकच जनुक, फेक-बी. आपल्या लोणंदी मेंढीला बहुधा एकच कोकरू. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गारोळमधला तो जनुक लोणंदी रक्तात आणला, पण अंगाचा बुटकेपणा मागं ठेवला. रक्ताचा नमुना तपासून कुठल्या मेंढ्याकडं जनुक आहे ते कळतं. तो दिसतो लोणंदीसारखाच.

आता हे रांजणी-दहिवडीच्या शेजारी ठेवा. तिथं शेळी कशी सांभाळायची ते कळतं, इथं कुठली शेळी ठेवायची आणि कुठली काढायची ते कळतं. नोंदवही, कानातला बिल्ला, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, कुणाची आई कोण. नवख्याला हे पहिल्या दिवशी जड जातं आणि थोडं रटाळही वाटतं. पण ज्याच्याकडं वीस-तीस शेळ्या दोन वर्षं टिकल्यात आणि करडं आता वजन धरेनात, त्याला फलटणलाच जायला पाहिजे. बहुतेक वेळा दुखणं चाऱ्यात नसतं, बोकडात असतं. एकच बोकड चार-चार वर्षं, त्याच्याच लेकी, त्याच्याच नाती. आपल्याकडं दीड-दोन वर्षांनी बोकड बदलायचा हे सगळे बोलतात, पण कुठली पाट (तरणी मादी) कुणाची ते वहीत नसेल तर बदलून तरी काय कळणार?

'शेवटी काय विकतात' हा प्रश्न इथंही लावायचाच. नारीकडंही पैदाशीचे बोकड आणि मेंढे असतात, शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं कामही त्यांनी केलंय. फरक इतकाच की जनावरामागं नोंद असते. आणि एक सांगून ठेवतो: जुळी देणारी मेंढी म्हणजे दुप्पट पैसा असं समजू नका. दोन कोकरांना दूध पुरायला मेंढीला वरचं खाणं लागतं, थंडीत लहान कोकरू जपावं लागतं. माणदेशातून कोकणात उतरणाऱ्या धनगराला वाटेत ते जमेलच असं नाही. घरी बांधून पाळणाऱ्याला जमतं.

कृषी विज्ञान केंद्राबद्दल थोडक्यात. साताऱ्यात बोरगाव आणि कराडजवळचं कालवडे, सांगलीत मिरज तालुक्यातलं कांचनपूर. ही केंद्रं द्राक्षापासून सोयाबीनपर्यंत सगळं बघतात, शेळी हा त्यातला एक विषय. त्यामुळं पैदाशीच्या खोलात शिरायचं असेल तर फलटण बरं. पण चाऱ्याच्या बाबतीत मी केंद्राला झुकतं माप देतो. दशरथ घास, शेवरी, सुबाभूळ, मका, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) कसा भरायचा, हे शेतीवाल्या माणसाला तिथं नीट समजतं, आणि शेळीपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाण्याचाच असतो. आपल्या भागात ऊसतोड सुरू झाली की जो तो वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर तुटून पडतो. फुकटात मिळतं ना! पण वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि शेळीच्या अंगी लागू देत नाही. नुसत्या वाढ्यावर गाभण शेळी ठेवली तर व्याल्यावर ती बसते. चुन्याची निवळी शिंपडायची, बरोबर शेवरीसारखा द्विदल चारा द्यायचा. एवढी एक गोष्ट ऐकून आलात तरी गाडीभाडं वसूल. केंद्र तुम्हाला शेळी विकत नाही, हेही जमेस धरा.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासून. ते मी प्रशिक्षणाच्या यादीत कमी आणि अडीनडीच्या वहीत जास्त ठेवतो. शेळी मेली तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. माझ्या दहा मेल्या तेव्हा मी ते केलं नव्हतं, दहावी मेल्यावर तालुक्याच्या डॉक्टरांनी लक्षणं ऐकून सांगितलं.

प्रमाणपत्राचं काय, हा दाजींचा दुसरा प्रश्न. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढीच्या मोठ्या गटाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान आहे: १०० शेळ्या आणि ५ बोकडांना जास्तीत जास्त १० लाख, तिथून चढत ५०० आणि २५ ला ५० लाख. फाईलला प्रशिक्षण किंवा अनुभवाचा पुरावा लागतो. त्यामुळं प्रमाणपत्र हवंच, पण ते महामंडळाचं, कृषी विज्ञान केंद्राचं किंवा पशुसंवर्धनच्या मार्गानं घेतलेलं बरं. मंगल कार्यालयातला रंगीत कागद बँकेतला साहेब हातात धरून उलटसुलट करतो, ते मी बघितलंय. आणि अनुदान बघून शंभरनं सुरुवात करू नका, असं मी दाजींना दोनदा बजावलं. दहा शेळ्या एक बोकड अशीही राज्याची योजना आहे, त्यात सर्वसाधारण गटाला ५० आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. दहा शेळ्यांत जी चूक होते ती शंभरात झाली की घर विकावं लागतं.

खासगी सगळेच वाईट का? नाही. मला दोन गोठेवाले माहीत आहेत, स्वतःच्या गोठ्यावर दिवसभर बसवून शिकवतात, मेलेली करडंही सांगतात. खासगी ठिकाणी जायचं असेल तर तीन गोष्टी विचारून बघा. गेल्या वर्षी किती करडं मेली? पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कधी दिली, वहीत दाखवता का? आणि तुमच्या गोठ्यावरून जनावर न घेता नुसतं शिकून गेलो तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला चेहरा बघायचा. मोबाईलवरचे व्हिडिओ मी धरत नाही. लसीचं वेळापत्रक पाठ करायला ठीक आहेत, पण नाळ बांधून टिंक्चर आयोडीन लावणं आणि अर्ध्या-एक तासाच्या आत करडाला चीक पाजणं हे थरथरत्या हातानं एकदा करावंच लागतं. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात मिळून पावशेराच्या आतबाहेर चीक पोटात गेला पाहिजे, आणि रात्री दोन वाजता शेळी पाय झाडत असताना तो व्हिडिओ काही कामाचा नाही.

मी दाजींना सांगितलं ते असं: आधी अर्धा एकर दशरथ आणि बांधाला शेवरी. मग रांजणी किंवा दहिवडी, ज्याची बॅच आधी लागेल ते. दहा शेळ्या आटपाडीच्या बाजारातून, आपल्याच हवामानातल्या, आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधायच्या. दोन वेतं झाली की वही घेऊन फलटण. माडग्याळची मेंढी हा दाजींचा जुना हट्ट आहे, जतकडची ती उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाची. ती बघायला आटपाडीच्या कार्तिक यात्रेत मी घेऊन जाईन म्हणालो. बघायला. पैसे घरी ठेवून.

दाजींनी रांजणीला फोन करून नाव दिलंय. दशरथचं बी टाकलंय, पण पाणी जास्त झालं म्हणतात, निम्मं उगवलंच नाही.